‘आतून तपासावं लागेल’ असे डॉक्टर म्हणतात तेव्हा

जत-आटपाडीकडून एसटीने सांगली-मिरजेला आलेली बाई केसपेपर घेऊन स्त्रीरोग विभागाच्या बाकावर तासभर बसते, आणि ‘आतून तपासावं लागेल’ एवढेच वाक्य ऐकून अंग चोरते. पुढे काय होणार हे तिला कोणी सांगितलेले नसते. अंग आवळले की स्नायू घट्ट होतात आणि दुखते ते बऱ्याचदा त्यामुळेच.

घरून निघताना शेवटच्या पाळीची तारीख कागदावर लिहून घ्यावी. पॅप चाचणी, म्हणजे कर्करोगाची शक्यता वेळीच कळावी म्हणून गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशींची तपासणी, ठरली असेल, तर आधीचे दोन दिवस शरीरसंबंध, योनीमार्गातील औषधे आणि आतून धुणे टाळावे. पाळी चालू असताना ही चाचणी सहसा करत नाहीत; मात्र अंगावरून फार जात असेल, तर थांबण्याची वाट न पाहता दाखवावे. तपासणीपूर्वी लघवी करून यावे. त्याच दिवशी पोटावरून सोनोग्राफीही सांगितली असेल, तर तिच्यासाठी बहुधा लघवी भरलेली लागते, म्हणून आधी काय होणार हे सिस्टरना विचारून घ्यावे.

साडी असेल तर ती सोडावी लागत नाही. निकर काढून साडी-परकर वर घेतला की पुरते. सलवार मात्र उतरवावी लागते, अशा वेळी अंगावर घ्यायला चादर मागावी. टेबलावर उताणे झोपून गुडघे वाकवून बाजूला सैल सोडायचे असतात. डॉक्टर आधी बाहेरून पाहतात. मग चोचीसारखे दोन पाती असलेले स्पेक्युलम योनीमार्गात हळूच सरकवून उघडतात, म्हणजे गर्भाशयाचे तोंड दिसते. धातूचे असेल तर गार लागते आणि ताण जाणवतो. त्या क्षणी कंबर टेबलाला टेकवून तोंडाने सावकाश श्वास सोडावा. पॅपसाठी तिथून छोट्या ब्रशने पेशी घेतात, किंवा गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक ॲसिड लावून मिनिटभराने पांढरा डाग उमटतो का ते पाहतात. सरकारी कार्यक्रमात 30 ते 65 वयाच्या स्त्रियांची ही ॲसेटिक ॲसिडची तपासणी दर पाच वर्षांनी करावी असे ठरलेले आहे. शेवटी हातमोजा घातलेली दोन बोटे आत आणि दुसरा हात ओटीपोटावर ठेवून गर्भाशयाचा आकार व दुखरी जागा चाचपतात. हे सारे काही मिनिटांत उरकते.

दुखल्यास ‘थांबा’ म्हणावे. डॉक्टरांनी थांबलेच पाहिजे. तपासणारे डॉक्टर पुरुष असोत वा स्त्री, जवळ सिस्टर किंवा मावशी हव्यात, आणि नसतील तर त्यांना बोलावून घेण्यात कसलाही उद्धटपणा नाही. सासूबाई किंवा नवरा सोबत आला असेल तर त्यांना बाहेर थांबवावे, कारण शरीरसंबंधाविषयीची उत्तरे त्यांच्यासमोर खरी दिली जात नाहीत आणि उपचार तिथेच चुकतात. ज्यांचा शरीरसंबंध कधी आलेला नाही, त्यांनी ते आधीच सांगावे. बहुतेक वेळा पोटावरच्या सोनोग्राफीने काम भागते.

नंतर दिवसभर थोडा लाल डाग दिसू शकतो, म्हणून पिशवीत पॅड असू द्यावे. रक्त जास्त जाऊ लागले, ताप आला किंवा ओटीपोटात कळा आल्या, तर परत दाखवावे. पॅपचा अहवाल त्याच दिवशी मिळत नाही. तो कोणत्या तारखेला, कोणत्या खिडकीवर मिळेल हे केसपेपरवर लिहून घेऊनच स्टँडकडे निघावे.