निसर्गोपचार केंद्रात दाखल होण्यापूर्वीची तयारी

सर्वांत आधी, रुग्णाला सध्या चालू असलेल्या सर्व औषधांची यादी कागदावर लिहून काढावी आणि बॅग त्यानंतर भरायला घ्यावी. निसर्गोपचार हा बिनऔषधी उपचार असल्यामुळे तेथे औषधांचा विचार करण्याची गरज नाही, असा समज सर्रास आढळतो आणि तो घातक आहे. मागच्या खेपेला वडिलांना दाखल करताना मी रिपोर्टची जाडजूड फाईल नेली, पण यादी नेली नाही. न्याहारीपूर्वी घ्यायची मधुमेहाची एक गोळी डॉक्टरांना सांगायची राहून गेली आणि वडील आपल्या खिशातल्या डबीतून ती रसाहारातही, म्हणजे फक्त रसांवर असतानाही, शिस्तीने घेत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले आणि शब्द अडखळू लागले. वेळीच ग्लुकोज मिळाल्याने ते सावरले.

म्हणून यादीत काय असावे, ते सविस्तर लिहितो. प्रत्येक औषधाचे नाव पाकिटावरून पाहून लिहावे. त्यापुढे मिलिग्रॅम, वेळ, जेवणापूर्वी की नंतर, आणि ते कशासाठी आहे, हे नोंदवावे. इन्सुलिनचे युनिट, दम्याचा पंप, गुडघेदुखीसाठी अधूनमधून घेतली जाणारी गोळी, आयुर्वेदिक चूर्ण, झोपेची गोळी, यांपैकी काहीही किरकोळ समजून वगळू नये. ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी पोटात अन्न असो वा नसो, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतेच, त्यामुळे उपवासात साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आहार कमी असताना जास्त परिणाम करतात आणि उठताना चक्कर येते. रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारे वॉरफरिन घेणाऱ्याने पालेभाज्यांचे रस एकदम सुरू केले, तर त्यांतील के जीवनसत्त्वामुळे औषधाचा परिणाम घटतो. मनोविकारावरील लिथियम घेणाऱ्याचे मीठ अचानक कमी केले, तर रक्तातील लिथियम वाढते. याउलट स्टेरॉइड किंवा फिट्सची औषधे कोणाच्याही सांगण्यावरून एकाएकी बंद करता येत नाहीत. यादी तयार झाली की ती घरच्या डॉक्टरांना दाखवावी आणि उपवासाच्या काळात कोणती मात्रा किती कमी करायची, हे त्यांच्याकडून लिहून घ्यावे. तोंडी सांगितलेले ऐन वेळी आठवत नाही. यादीच्या दोन प्रती काढाव्यात: एक केंद्रातील डॉक्टरांच्या हातात द्यावी, दुसरी रुग्णाच्या उशाशी ठेवावी.

केंद्र निवडताना तेथील डॉक्टरांची पदवी विचारण्यात संकोच नसावा. बीएनवायएस, म्हणजे निसर्गोपचार आणि योगशास्त्राची पदवी, हा वर्षभराच्या इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे. भिंतीवरचे आठवड्याच्या शिबिराचे प्रमाणपत्र त्याची जागा घेऊ शकत नाही. रात्री डॉक्टर किंवा परिचारिका असते का आणि साखर तपासण्याचे यंत्र जवळ आहे का, हेही विचारावे. आपल्याकडे या उपचाराची परंपरा जुनी आहे. उरुळीकांचनचा आश्रम गांधीजींनी 1946 मध्ये सुरू केला आणि मणिभाई देसाईंनी तो उभा केला. पुण्यात ज्या बापू भवनात राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे, तेथे पूर्वी डॉ. दिनशा मेहता यांचे निसर्गोपचार केंद्र होते आणि गांधीजी तेथे राहत असत. पण परंपरा मोठी आहे म्हणून प्रत्येक पाटीवर विश्वास ठेवावा, असे होत नाही. कर्करोग, क्षयरोग किंवा हृदयविकार यांवरील चालू उपचार थांबवायला सांगणाऱ्या ठिकाणी पाऊलही टाकू नये.

पहिल्या दिवशी मुख्यतः चौकशी होते: वजन, रक्तदाब, झोप, शौचाची सवय, आहार, कामाचे स्वरूप. येथे खरे सांगावे; तंबाखू आणि मद्य लपवू नये. औषधांची यादी याच वेळी पुढे करावी, डॉक्टर विचारतील म्हणून थांबू नये. दुसऱ्या दिवसापासून दिनक्रम पहाटे सुरू होतो. योगासने आणि प्राणायाम झाल्यावर रिकाम्या पोटावर ओल्या मातीची पट्टी साधारण वीस ते तीस मिनिटे ठेवतात. ती पहिल्यांदा पोटावर टेकते तेव्हा थंडाव्याने श्वास क्षणभर अडकतो, मग शरीर सैलावते. अनेक ठिकाणी त्यानंतर कोमट पाण्याचा एनिमा देतात. नवख्यांना सर्वाधिक संकोच त्याचाच वाटतो, पण काम काही मिनिटांचे असते. मूळव्याधीतून रक्त जात असेल किंवा पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर ते आधीच सांगावे. कटिस्नानात पाय टबाबाहेर ठेवून बेंबीपर्यंत पाण्यात बसवतात. बाष्पस्नानापूर्वी पाणी प्यावे आणि डोक्यावर ओला टॉवेल ठेवावा. गरोदर स्त्रिया, हृदयरोगी आणि ज्यांचा रक्तदाब आटोक्यात नाही अशांनी ते घेऊ नये.

चहा-कॉफी एकदम सुटल्याने पहिले दोन-तीन दिवस डोके ठणकते. शक्य असल्यास घरीच आठवडाभर आधी चहा कमी करत आणावा. ही डोकेदुखी सहन करण्याजोगी असते. मात्र घाम, थरथर, भोवळ किंवा छातीत धडधड झाल्यास ‘शरीर शुद्ध होत आहे’ असे म्हणून कोणालाही थांबू देऊ नये, ताबडतोब साखर आणि रक्तदाब मोजायला लावावा. अशा वेळी उशाशी ठेवलेली औषधांची यादी उपयोगी पडते.

कपडे सैल आणि सुती असावेत, मातीचे डाग पडले तरी चालतील असे. टॉवेल दोन. दागिने घरी ठेवावेत. मासिक पाळीची तारीख जवळ असल्यास आधीच कळवावी, कारण त्या दिवसांत काही उपचार थांबवतात.

घरी परतताना आहाराचा कागद आणि औषधांची बदललेली मात्रा लिहून घ्यावी. उपवास सोडताना प्रथम फळे, मग मऊ भात आणि मुगाचे वरण. तळलेले पदार्थ काही दिवस नकोत. आहार पूर्ववत झाला की साखर आणि रक्तदाब पुन्हा चढू शकतात, म्हणून त्याच आठवड्यात घरच्या डॉक्टरांकडे जाऊन जुनी आणि नवी अशा दोन्ही याद्या त्यांच्यासमोर ठेवाव्यात आणि पुढची मात्रा त्यांच्याकडून ठरवून घ्यावी.