पिस्टन-सिलिंडर क्लिअरन्स मोजण्यापूर्वीची तयारी

पिस्टनचा क्लिअरन्स, म्हणजे सिलिंडरमधली त्याची मोकळीक, ही बोअरच्या (सिलिंडरच्या आतल्या पोकळीच्या) आणि पिस्टनच्या व्यासांची वजाबाकी. व्यास 80 मिलिमीटरचे आणि उत्तर काही शतांश मिलिमीटरचे असल्यामुळे कोणत्याही एका मापातली किरकोळ चूक उत्तरात मात्र पूर्ण भरते, म्हणून खरी काळजी मोजण्याच्या आधी घ्यावी लागते.

पहिली तयारी तापमानाची. ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनचा मुख्य भाग), पिस्टन, मायक्रोमीटर आणि बोअर गेज (बोअरचा व्यास मोजणारे काट्याचे उपकरण) आदल्या रात्रीच एका खोलीत ठेवावेत. मापांचे प्रमाण तापमान 20 अंश सेल्सियस आहे, पण ते साधले नाही तरी सर्व वस्तू समान तापमानाला असल्याच पाहिजेत. 80 मिलिमीटरचा अॅल्युमिनियमचा पिस्टन 10 अंशांनी तापला तर सुमारे 0.018 मिलिमीटर फुगतो, आणि क्लिअरन्स 0.04 मिलिमीटर ठेवायचा असेल, तर थंड ब्लॉकशेजारी नुसता हातात धरून ऊबदार झालेला पिस्टनही निर्णय बिघडवू शकतो.

त्यानंतर उत्पादकाचा तक्ता समोर ठेवावा. पिस्टनचा व्यास स्कर्टवर (पिस्टनच्या खालच्या बाजूच्या भिंतीवर), गजन पिनेच्या (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या पिनेच्या) काटकोनात आणि तक्त्यात दिलेल्या उंचीवरच घ्यावा, कारण स्कर्ट वरून पाहता किंचित लंबगोल आणि बाजूने पाहता फुगीर असतो. माथ्याजवळचा व्यास त्याहून लहान असतो व या कामी निरुपयोगी आहे. स्कर्टवर लेप असेल तर माप लेपासह धरायचे की लेपाविना, हेही तिथेच पाहावे. फोर्ज्ड (घडीव) पिस्टनला साधारणतः ओतीव पिस्टनपेक्षा जास्त क्लिअरन्स लागतो, त्यामुळे दुसऱ्या पिस्टनचा आकडा उसना घेऊ नये.

बोअर धुऊन, पुसून कोरडे केलेले असावे. होनिंगची (बोअर दगडाने घासून अचूक मापाला आणण्याची) काजळी पांढऱ्या फडक्यावर उमटत असेल तर मोजू नये. ज्या ब्लॉकचे होनिंग टॉर्क प्लेट (हेडच्या जागी बोल्टने आवळायची जाड प्लेट) लावून झाले आहे, त्याचे मापही तीच प्लेट ठरलेल्या टॉर्कला आवळून घ्यावे, कारण हेड बोल्टच्या ताणाने बोअरचा आकार बदलतो.

उपकरणांच्या बाबतीत माझा आग्रह एकच आहे: पिस्टन ज्या मायक्रोमीटरने मोजला, त्याच मायक्रोमीटरला त्या मापावर लॉक करून बोअर गेजचा शून्य लावावा. मायक्रोमीटर थोडा चुकीचा दाखवत असला तरी ती चूक दोन्ही बाजूंना सारखीच लागून वजाबाकीत निघून जाते, आणि बोअर शून्यापेक्षा जितका मोठा दिसतो तितकाच क्लिअरन्स असतो. पिस्टन मोजताना पकड रॅचेटनेच (ठरावीक दाबाला घसरणाऱ्या मुठीनेच) द्यावी, अंगठ्याच्या जोराने नव्हे. फिलर गेजची (फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांची) पट्टी सरकवून पाहणे ही फार तर ढोबळ खातरजमा होय, कारण पट्टी सपाट आणि फट वक्र असते.

कागदावर प्रत्येक सिलिंडरसाठी सहा रकाने आधीच आखावेत: वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी क्रँकच्या दिशेने आणि त्याला आडवे. यातून टेपर (वर-खाली व्यासातला फरक) आणि ओव्हॅलिटी (लंबगोलपणा) दोन्ही कळतात. गेज पुढे-मागे झुलवून काटा जिथून परत फिरतो तो सर्वांत लहान आकडा लिहावा, आणि क्लिअरन्स ठरवताना सहापैकी सर्वांत अरुंद जागा धरावी. प्रत्येक पिस्टनवर त्याच्या सिलिंडरचा क्रमांक पुसला न जाणाऱ्या शाईने आताच लिहून ठेवावा, म्हणजे जुळवणीत अदलाबदल होणार नाही.