स्पेनमधील सत्राचा शेवट : नव्याने आलेल्या मराठी विद्यार्थ्यांसाठी

सालामांका विद्यापीठात मी मास्टर्ससाठी आले, तेव्हा सत्राच्या शेवटी काय काय अंगावर येते हे सांगणारे जवळ कोणी नव्हते. पुढे माद्रिदला नोकरी लागली आणि संसारही इथेच थाटला. तरी दर डिसेंबरात आणि जूनमध्ये नव्या मुलामुलींचे फोन येतात, आणि मी केलेल्याच चुका ती पुन्हा करताना दिसतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पहिल्या सत्राचे वर्ग साधारण 22 डिसेंबरच्या सुमारास थांबतात आणि 6 जानेवारीचा ‘रेयेस’ हा सण पार पडला की परीक्षा सुरू होतात. त्यामुळे नाताळची सुट्टी ही खरे तर अभ्यासाची रजा असते, आणि त्या दोन आठवड्यांत पॅरिस-रोम पालथे घालून परतलेली आपली मुले जानेवारीत रडकुंडीला येतात. 31 डिसेंबरला मध्यरात्रीच्या बारा ठोक्यांवर सारा देश बारा द्राक्षे खातो. सालामांकाचे विद्यार्थी मात्र डिसेंबरच्या मध्यावरच प्लाझा मायोर या गावच्या मुख्य चौकात जमून द्राक्षांऐवजी जेलीच्या गोळ्या खातात. तिथे अवश्य जा, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथालयात जागा धरा. परीक्षेच्या दिवसांत ग्रंथालये रात्री उशिरापर्यंत उघडी असतात आणि सालामांकासारख्या सुमारे 800 मीटर उंचीवरच्या गावात, जिथे जानेवारीच्या पहाटे गोठवून टाकतात, भाड्याच्या खोलीपेक्षा तिथली ऊब कितीतरी बरी असते.

गुण 10 पैकी मिळतात आणि 5 ला उत्तीर्ण. 5 ते 6.9 म्हणजे ‘आप्रोबादो’, 7 पासून ‘नोताब्ले’, 9 पासून ‘सोब्रेसालिएन्ते’. आपल्याकडच्या टक्केवारीच्या सवयीने 7 गुण पाहून कोणी खंतावू नये, इथे ते चांगलेच मानले जातात. पर्यायी उत्तरांच्या पेपरात चुकीच्या उत्तराचे गुण बहुधा वजा होतात, तेव्हा अंदाजाने खुणा करू नका. नापास झालात तर दुसरी संधी असते. तीही हुकली आणि विषयासाठी पुन्हा नाव नोंदवावे लागले, तर सरकारी विद्यापीठांत त्या विषयाचे शुल्क पहिल्यापेक्षा जास्त पडते.

आता ‘रेविसिओन’विषयी, कारण आपली मुले इथेच हातची संधी घालवतात. महाराष्ट्रात फेरतपासणी म्हणजे अर्ज, शुल्क आणि मग महिनोन्महिने वाट पाहणे. इथे निकालाबरोबरच प्राध्यापक एक दिवस आणि वेळ जाहीर करतात, त्या वेळी तुम्ही त्यांच्या खोलीत जाता आणि तपासलेला पेपर समोर ठेवून दोघे बोलता. सरांना राग येईल, उद्धटपणा दिसेल, या भीतीने आपली मुले जात नाहीत. पहिल्या सत्रात संख्याशास्त्रात मला 4.6 मिळाले होते आणि मीही जाणार नव्हते, पण खोलीतल्या स्पॅनिश मैत्रिणीने अक्षरशः ओढत नेले. प्राध्यापकांनी माझा गठ्ठा उघडला, एकेक पान उलटले आणि शेवटी दोन कोऱ्या पानांच्या मागे गेलेली माझी पुरवणी त्यांच्या हाताला लागली. त्यांनी ती तिथेच, पेन्सिल हातात घेऊन, ओळ न् ओळ वाचली, दिलगिरी व्यक्त केली आणि 5.3 गुण लिहिले. इथले शिक्षक विद्यार्थ्याला बरोबरीने वागवतात, या देशाचा मला सर्वांत भावलेला गुण हाच. मात्र ती वेळ एकदा गेली की पुढचा रस्ता लेखी तक्रारीचा आणि लांबचा असतो.

सर्वांत महत्त्वाचे आता सांगते. परदेशी नागरिक म्हणून मिळालेल्या तुमच्या ओळखपत्राच्या, म्हणजे ‘तिए’च्या, दर्शनी बाजूवरची मुदत आजच वाचा आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा. मुदत संपण्याआधीच्या दोन महिन्यांत नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. त्यासाठी दरमहा साधारण 600 युरोंची तरतूद, आरोग्य विमा आणि अभ्यासात पुढे सरकल्याचा पुरावा लागतो, म्हणजे सत्राचा निकाल हा थेट तुमच्या इथे राहण्याशी जोडलेला आहे. माझ्या कार्डाची मुदत 30 जूनला संपली. मी अर्ज वेळेत केला होता, पोचपावती हातात होती आणि एका ज्येष्ठ मराठी विद्यार्थ्याने ‘पावतीवर येता येते, मी आलो होतो’ असे छातीठोकपणे सांगितले होते. जुलैत मी बहिणीच्या लग्नाला गेले. सप्टेंबरात मुंबई विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने कार्ड उलटसुलट केले, तारखेवर बोट ठेवले, पावती वाचली आणि बॅग पट्ट्यावरून खाली उतरवली. पावती स्पेनमध्ये राहायला चालते, स्पेनमध्ये परत शिरायला नाही. त्यासाठी निघण्यापूर्वी ‘औतोरिसासिओन दे रेग्रेसो’ म्हणजे पुनर्प्रवेशाची परवानगी घ्यावी लागते. तिचे शुल्क किरकोळ असते, पण भेटीची वेळ, म्हणजे ‘सीता’, मिळवायला आठवडे लागू शकतात. मला मुंबईच्या वाणिज्य दूतावासातून नव्याने व्हिसा घ्यावा लागला, तिकिटाचे साठ हजार रुपये गेले आणि वर्गातील हजेरीवर व रोजच्या कामावर गुण देणाऱ्या दोन विषयांत मी तीन आठवडे मागे पडले. अलीकडे उच्च शिक्षणासाठी पूर्ण अभ्यासक्रमाइतकी मुदत मिळू शकते, तरीही स्वतःचे कार्ड स्वतः वाचा. परदेशातली आपली माणसे जेवायला घालतात, रात्री-अपरात्री धावून येतात, पण कायद्याच्या बाबतीत त्यांच्या आठवणीवर विसंबू नका. प्रत्येकाचे प्रकरण वेगळे असते आणि नियमही बदलत राहतात.

घर सोडणार असाल तर लेखी पूर्वसूचना द्या आणि किल्ल्या परत करण्यापूर्वी भिंती, गादी, शेगडी यांचे फोटो काढा. अनामत रक्कम त्यावरच परत मिळते.

जूनच्या सत्राअखेरीस आणखी एक ध्यानात ठेवा. ऑगस्टमध्ये हा देश अक्षरशः मिटलेला असतो. विभाग बंद, प्राध्यापक गावी आणि कचेऱ्यांत निम्मी माणसे अशी स्थिती असते. मास्टर्सचा प्रबंध सप्टेंबरात सादर करायचा असेल, तर मार्गदर्शकांच्या सूचना, त्यांची लेखी संमती आणि गुणपत्रकाची अधिकृत प्रत हे सारे जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात पदरात पाडून घ्या आणि तिकीट त्यानंतरचे काढा.