शेवटच्या गल्लीत पाणी कसं आलं

आमचं गाव तापीकाठी, चोपडा तालुक्यात. जलजीवन मिशनमध्ये, म्हणजे घरोघरी नळाच्या सरकारी योजनेत, माणशी रोज 55 लिटर धरलंय, पण आमच्या गल्लीत नळ नुसता फुसफुसायचा मग करंगळीएवढी धार, आई हंडा लावून तासभर बसायची, बघवत नव्हतं. सगळे म्हणे मोटार बदला. मी पाणी सोडणाऱ्या आप्पांसोबत टाकीपासून लाइन धरून चालत गेलो तर मारुतीच्या पाराजवळ चढावर एअर व्हॉल्व्ह, म्हणजे लाइनीतली हवा बाहेर सोडणारी झडप, रस्त्याच्या मुरमाखाली गाडलेला! हवा निघायला जागाच नाही, पाणी पुढं सरकणार कसं? खोदला, आतला बॉल गाळाने चिकटलेला, ब्रशने घासला, वॉशर नवा टाकला. आप्पांनी मेन व्हॉल्व्ह हळूहळू उघडला, आधी बराच वेळ हवा सुटली मग पाणी आलं आणि बॉल पाण्यावर तरंगत वर जाऊन हवेच्या भोकाला बसला. आता त्यावर झाकणाचा चेंबर बांधून घेतलाय.