तालुक्याला टोफू नाही, पण सोयाबीन तर घरचंच

कोरियन भाज्यांचा नाद मला माँगची या चॅनेलने लावला. बाई २००७ पासून यूट्यूबवर आहे, अगदी शेजारी बसवून शिकवल्यासारखं शिकवते. अडचण टोफूची, म्हणजे सोयाबीनच्या दुधाच्या पनीरची. तालुक्याच्या दुकानात तो नाही, अन् मे महिन्यात पार्सलने मागवला तर इथवर येईस्तोवर आंबतो. इकडे सोयाबीनच्या पोत्यांची घरात थप्पी!

मग घरीच करायला घेतला. पेरणीचं उरलेलं बियाणं मात्र अजिबात वापरू नका, त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. दाणे रात्रभर भिजवून कढत पाण्यात वाटायचे. गार पाण्यात वाटले की उग्र वास येतो अन् घरचे ताटाला हात लावत नाहीत. गाळलेलं दूध दहा मिनिटं चांगलं उकळायचं. नजर हलवू नका, भसकन उतू जातं. जरा निवलं की पाणी मिसळलेला लिंबाचा रस थोडा थोडा सोडायचा. पिवळसर, नितळ पाणी सुटलं की थांबायचं. पुढे सगळं पनीरसारखं.

जपानी लोक दूध फाडायला निगारी, म्हणजे मुख्यतः मॅग्नेशियम क्लोराइड, घालतात. आपल्याकडे कपाशीच्या लाल्यावर, म्हणजे पानं लाल पडतात त्यावर, फवारायचं मॅग्नेशियम सल्फेट कृषी केंद्रात मिळतं, पण ते खायचं नव्हे. लिंबूच बरं.

कोरियन तिखटाऐवजी बिया काढलेली भिवापुरी मिरची चालते. दूध गाळून उरलेला चोथा आई भरपूर सांबार, म्हणजे कोथिंबीर, घालून थालीपिठात लावते. आमच्याकडे टोफूपेक्षा तेच आधी संपतं.