डोळ्यांच्या बाबतीत या चुका टाळा

माझी मुलगी तिसरीत असताना टीव्हीला अगदी खेटून बसायची. आम्ही रोज ओरडायचो, "मागे सरक, डोळे बिघडतील." खरं तर नंबर आधीच लागला होता, म्हणून ती पुढे सरकत होती. हे कळायला आम्हाला वर्ष लागलं. फळ्यावरचं ती शेजारणीच्या वहीतून उतरवून घ्यायची, हेही तेव्हाच समजलं.

मूल डोळे बारीक करून पाहत असेल, मान तिरकी करत असेल, तर ती खोड समजून दामटू नका. ते स्वतःहून सांगत नाही, कारण सगळ्यांनाच असं अंधुक दिसतं असं त्याला वाटतं. घरी एक करून बघा: एकेक डोळा तळहातानं झाकायचा आणि समोरच्या दुकानाची पाटी वाचायला सांगायची. एका डोळ्यानं कमी दिसत असेल तर लगेच डॉक्टरांकडे न्या. मेंदू कमजोर डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो. याला आळशी डोळा म्हणतात. वयाच्या ७-८ वर्षांच्या आत चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर लावलेल्या पट्टीनं तो बराच सुधारतो, पुढे अवघड होत जातं. पाटी नीट वाचली तरी शाळेत घालण्याआधी एकदा तपासणी हवीच.

"इतक्यात चष्मा नको, सवय लागेल," असं घरातली मोठी माणसं म्हणतात, मुलगी असेल तर जरा जास्तच. चष्म्यानं नंबर वाढत नाही. वाढत्या वयात डोळ्याचा गोळा लांब होत जातो, म्हणून तो वाढतो. मुद्दाम कमी नंबरचा चष्मा देऊनही काही साधत नाही. गाजरानंही नंबर उतरत नाही.

मुंबईतली सगळ्यात मोठी चूक मात्र वेगळीच आहे. दहा बाय बाराची खोली, खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत, शाळेनंतर क्लास. मुलाची नजर दिवसभरात लांब जातच नाही आणि अंगावर मोकळा उजेड पडत नाही. ट्यूबलाइटखाली काहीशे लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो, बाहेर दिवसा झाडाच्या सावलीतही काही हजार. या उजेडानं डोळ्याच्या आतल्या पडद्यात डोपामाइन हे रसायन सुटतं आणि गोळ्याच्या लांब होण्याला आवर बसतो, असं संशोधक मानतात. तैवाननं २०१० पासून शाळकरी मुलांना रोज १२० मिनिटं बाहेर काढायचं धोरण राबवलं, आणि काही वर्षांत कमी दिसणाऱ्या मुलांचं प्रमाण घटू लागलं. शिवाजी पार्क जवळ नसेना का, शाळेपर्यंत चालत जाणं, मधली सुट्टी, उन्हं कलल्यावर गच्ची, असे दोन तास जमतात. नंबर लागण्याआधी याचा फायदा जास्त, म्हणून पहिली-दुसरीतल्या मुलांचा एखादा क्लास कमी करा, असं मी आग्रहानं सांगते.

मोठ्यांचं दुखणं कोरडेपणाचं. एसीत संगणकासमोर आपल्या पापण्या कमी लवतात, मग परतीच्या लोकलमध्ये तासभर मोबाइल. दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडे २० सेकंद पाहा, संगणकाचा पडदा नजरेच्या जरा खाली ठेवा. निळ्या किरणांपासून वाचवणाऱ्या काचांवर पैसे घालवू नका. त्यांनी थकवा कमी होतो असा भरवशाचा पुरावा नाही.

पावसाळ्यात डोळे आले की मेडिकलमधून "मागच्या वेळचेच थेंब" आणणं फार धोक्याचं. त्यात स्टिरॉइड असेल तर काही संसर्ग बळावतात. ते थेंब दीर्घकाळ घातले तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. गुलाबपाणी, मध, आईचं दूध हेही नको. टॉवेल वेगळा, हात साबणानं धुतलेले. बहुतेक वेळा आठवड्या-दोन आठवड्यांत बरं वाटतं. पण उजेड सहन होईना, डोळा ठणकू लागला किंवा अंधुक दिसू लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

चाळिशी लागली की स्टेशनबाहेरून तयार चष्मा घेऊन भागवतो आपण. वाचता येतं, पण डोळ्यातला दाब मोजायचा राहून जातो. काचबिंदू बहुधा न दुखता नजर खातो आणि गेलेली नजर परत येत नाही. मधुमेह असेल तर दरवर्षी डोळ्याचा आतला पडदा तपासून घ्या. आणि अचानक विजेसारखं चमकलं, काळे ठिपके वाढले, एका बाजूनं पडदा ओढल्यासारखं झालं, तर सकाळची वाट पाहू नका. जे. जे., के. ई. एम. किंवा जवळचं मोठं रुग्णालय, त्याच दिवशी गाठा.