दवाखाना आणि सामाजिक मदत जोडताना या चुका टाळा: खान्देशातल्या कार्यकर्त्यांसाठी

धुळे, नंदुरबार, जळगाव या तिन्ही जिल्ह्यांत आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थांची वानवा नाही आणि सरकारी योजनांचीही नाही. तरी कुपोषित पोर अर्ध्या उपचारात घरी परततं, मारहाण झालेली बाई टाके घालून त्याच घरात जाते, टीबीचा पेशंट गोळ्या सोडून सुरतेला निघून जातो. असं झालं की अहवालात 'समन्वयाचा अभाव' असं लिहून मोकळं व्हायची पद्धत आहे. हे दोन शब्द मला पटत नाहीत. बहुतेक वेळा ते काम कायद्याने किंवा शासन निर्णयाने एका ठरावीक पदावर सोपवलेलं असतं आणि आपण ते पद सोडून बाकी सगळ्यांना फोन केलेले असतात. खालच्या बऱ्याचशा चुका तिथूनच सुरू होतात.

करारावर सही झाली, आता काम होईल

संस्था आणि रुग्णालय यांचा सामंजस्य करार होतो, शाल-श्रीफळ होतं, पेपरात बातमी येते. पुढे वैद्यकीय अधीक्षकांची बदली होते आणि नवीन साहेबांना त्या कराराचा पत्ताही नसतो. करार करू नका असं म्हणत नाही, पण त्यातलं काम रुग्ण कल्याण समितीच्या (रुग्णालयाचा कारभार बघणाऱ्या समितीच्या) इतिवृत्तात आलं पाहिजे. उपकेंद्राच्या पातळीवर आयुष्मान आरोग्य मंदिराची जन आरोग्य समिती असते, तिथेही हाच नियम. माणसं बदलतात, इतिवृत्ताचं रजिस्टर कपाटात राहतं. 'संस्थेचा कार्यकर्ता मंगळवारी आणि शुक्रवारी वॉर्डात येईल, त्याला अमुक सिस्टर माहिती देतील' इतकं साधं वाक्य ठरावात असलं तरी पुष्कळ झालं.

नंदुरबारला तर याचा जुना अनुभव आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात लोकाधारित देखरेख, म्हणजे सरकारी दवाखान्यांच्या कामावर गावकऱ्यांनी लक्ष ठेवणं, २००७ मध्ये महाराष्ट्रात सुरू झाली, तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत नंदुरबार होता. जनसुनवाईत गावकरी माईकवर उभे राहून डॉक्टरांना प्रश्न विचारत. त्या काळातले कार्यकर्ते अजून तालुक्यात आहेत. नवीन प्रकल्प आखण्याआधी त्यांच्याकडे एकदा चहाला जा.

चिठ्ठी दिली म्हणजे पोर पोहोचलं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यावर आशाताई दंडघेर मोजते, पट्टी लाल, म्हणजे तीव्र कुपोषण दाखवते, पोषण पुनर्वसन केंद्राची चिठ्ठी लिहिली जाते. रजिस्टरमध्ये 'संदर्भित' अशी नोंद होते आणि आपल्या दृष्टीने काम संपतं.

आता त्या आईच्या बाजूने बघा. केंद्रात साधारण दोन आठवडे राहायचं. घरी आणखी दोन पोरं, चार बकऱ्या, नवरा ऊसतोडीला गेलेला. मोहाची फुलं पडायचे दिवस असले तर पहाटे उठून ती वेचण्यावर घरातला बराचसा पैसा अवलंबून. वॉर्डातल्या ताई अहिराणी नाहीतर मराठी बोलतात, आई पावरी ही पावरा आदिवासींची बोली बोलते. तिसऱ्या दिवशी ती पोराला उचलून निघते आणि केसपेपरवर शेरा पडतो: 'नातेवाईक स्वतःच्या जबाबदारीवर घेऊन गेले.'

मुक्कामात आईची मजुरी बुडते म्हणून तिला बुडीत मजुरी द्यायची सोय आहे. पण पैसे खात्यावर जातात, आणि खातं केवायसीअभावी बंद असतं किंवा नवऱ्याच्या नावावर असतं. हे डिस्चार्जच्या दिवशी कळून उपयोग नाही. चिठ्ठी लिहितानाच पासबुक बघायला मागा. खातं बंद असेल तर पोर थांबवू नका, पोर आधी पाठवा. पण त्याच आठवड्यात बँकमित्राकडे कोण जाणार ते ठरवा. घरच्या दोन पोरांचं जेवण अंगणवाडीत होईल ना, हे सेविकेला विचारा. पावरी बोलणारी एखादी बाई निदान पहिले दोन दिवस वॉर्डात थांबेल असं बघा, कारण पळून जाण्याचा विचार याच दिवसांत पक्का होतो.

दुसरं भगदाड डिस्चार्जनंतर पडतं. केंद्र आरोग्य विभागाचं, अंगणवाडी महिला व बालविकासची. डिस्चार्ज कार्ड आईच्या पिशवीत जातं आणि तिथेच राहतं. पोर घरी आलं आहे, त्याला पुन्हा ग्राम बाल विकास केंद्रात (अंगणवाडीतल्या कुपोषित मुलांच्या केंद्रात) घ्यायचं आहे, हे अंगणवाडीला कोणीच सांगत नाही. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी केंद्रातून मुख्यसेविकेला (अंगणवाड्यांवरच्या पर्यवेक्षिकेला) फोन गेला पाहिजे आणि त्या फोनची नोंद केसपेपरवर झाली पाहिजे. दोन विभाग एकमेकांकडे बोट दाखवत असतील तर त्यांच्यात मध्यस्थी करत बसू नका. आदिवासी भागासाठी १९९५ पासून नवसंजीवनी योजना आहे, तिची जिल्हा समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली बसते आणि दोन्ही विभाग तिथे एका टेबलावर असतात. मुद्दा लेखी, तारखांसह तिथे द्या. 'मुलांचे हाल होतात' असं लिहू नका; अमुक केंद्रातून गेल्या महिन्यात सुटलेली किती पोरं अंगणवाडीच्या यादीत परत आली नाहीत, ते लिहा.

आधी पोलिसात जा, मग बघू

मारहाण झालेल्या बाईला अजूनही असं सांगितलं जातं, आणि सांगणाऱ्याला वाटतं आपण नियमाने वागतोय. नियम नेमका उलटा आहे. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ च्या कलम ७ नुसार तिने मागितली की वैद्यकीय मदत द्यावीच लागते. २००६ च्या नियमांतला १७ वा नियम आणखी स्पष्ट आहे: घटनेचा अहवाल आधी झालेला नाही या कारणावरून उपचार नाकारता येत नाहीत. अहवाल झालेला नसेल तर दवाखान्याच्या प्रमुखाने नमुना १ (घटनेच्या अहवालाचा फॉर्म) भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, पाठवायचा आणि तपासणीच्या अहवालाची प्रत तिला मोफत द्यायची.

म्हणजे इथे संरक्षण अधिकारी हे पद ठरलेलं आहे. संस्थांनी करायचं काम एवढंच: नमुना १ च्या कोऱ्या प्रती अपघात विभागाच्या ड्रॉवरमध्ये ठेवायच्या आणि तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याचं नाव-नंबर भिंतीवर लावायचा. बदली झाली की कागद बदलायचा. रात्री कोणी फोन उचलत नसेल तर १८१ ही महिला हेल्पलाइन आणि हिंसा झालेल्या बायकांसाठी जिल्ह्याचं सखी वन स्टॉप सेंटर आहे.

बलात्कार किंवा ॲसिड हल्ला असेल तर गोष्ट वेगळी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९७ सरकारी-खासगी सगळ्याच रुग्णालयांना लागू आहे: प्रथमोपचार किंवा उपचार ताबडतोब आणि फुकट, आणि पोलिसांना कळवणंही बंधनकारक. दोन्ही प्रकारांची गल्लत होते, म्हणून वेगळं लिहिलं.

सतरा वर्षांची गरोदर मुलगी, तिला लपवायचं

सातपुड्यात लवकर लग्नं होतात हे सगळ्यांना माहीत आहे. पोक्सोच्या (अठरा वर्षांखालच्या मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याच्या) भीतीने कुटुंब दवाखाना टाळतं आणि कार्यकर्तेही डोळे झाकतात. लपवल्याने बाळंतपण घरी होतं, आणि जीव तिथे जातो. पोक्सोच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. पण कळवलं नाही म्हणून उपचार थांबवा असं कायदा कुठेही म्हणत नाही. गर्भपाताच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितलं आहे की मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरांना त्या अहवालात तिची ओळख उघड करावी लागत नाही. ही गोष्ट डॉक्टरांनाही ठाऊक नसते. बालकल्याण समितीला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या.

स्टेशनवरचा माणूस गाडीत घालून थेट आश्रमात

भुसावळ हे मोठं जंक्शन. मानसिक आजाराने भटकणारी, भाषा न कळणारी माणसं कुठून कुठून येऊन उतरतात. चांगल्या मनाचे तरुण त्यांना आंघोळ घालतात, केस कापतात आणि जीपमधून एखाद्या आश्रमात सोडून येतात. हेतूबद्दल शंका नाही, पण त्या माणसाच्या घरच्यांना तो सापडायची वाट यातून बंद होते.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम १०० इथे उपयोगी पडतं. अशा माणसाला संरक्षणात घेणं पोलिसांचं काम आहे. २४ तासांच्या आत त्याला जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं, कोठडीत ठेवायचं नाही, आणि बेवारस भटकताना सापडला असेल तर हरवलेल्या व्यक्तीची प्रथम खबर (एफआयआर) नोंदवायची. घरचे दुसऱ्या राज्यातल्या ठाण्यात हेलपाटे घालत असतात. दोन्ही टोकं जुळतात ती या नोंदीमुळे. बरा झाल्यावर 'न्यायला कोणी नाही' म्हणून त्याला रुग्णालयात डांबून ठेवणंही कलम १९ ला मान्य नाही. आश्रमाची गरज तेव्हा लागते, आधी नाही.

धान्याच्या पिशवीसोबत फोटो

निक्षय मित्र (सरकारी टीबी कार्यक्रमात पेशंटला मदत करणारा देणगीदार) होऊन टीबीच्या पेशंटला पोषण आहार देणं उत्तम काम आहे. पण पेशंटला मधे उभं करून काढलेला फोटो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला की त्याच्या पोरीचं लग्न अडतं. फोटो पिशव्यांचा काढा. निक्षय मित्राशी जोडायलाच पेशंटची संमती लागते, फोटो तर पुढची गोष्ट. एचआयव्हीबद्दलचा २०१७ चा कायदा आणि मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २४ याहून कडक आहेत. पेशंटची यादी एक्सेलमध्ये करून 'जरा बघा' म्हणून चार जणांना पाठवायची सवयही मोडा.

कागद नंतर करू

सिकलसेलचं उदाहरण घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल आजार आहे. प्रमाणपत्र मिळालं तर पुढच्या बऱ्याच योजनांचं दार उघडतं. मात्र वाहक असणं (रक्तात दोष आहे, पण आजार नाही) म्हणजे आजार नव्हे. शिबिरात वाहकांनाही 'तुम्हाला पेन्शन मिळेल' असं सांगून टाकणारे महाभाग आहेत, आणि मग लोक भाडं खर्चून जिल्ह्याला जाऊन हात हलवत परत येतात. रिपोर्ट नीट वाचूनच अर्ज भरा.

टीबीचंही तसंच. पेशंटला आहारासाठी मिळणाऱ्या निक्षय पोषण योजनेची रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून महिना १,००० रुपये झाली, पण खातं चालू नसेल तर त्या वाढीचा उपयोग शून्य. गुजरातला कामाला जाणाऱ्याला 'परत आल्यावर ये' असं सांगू नका. त्याचा निक्षय आयडी (सरकारी टीबी पोर्टलवरचा नोंदणी क्रमांक) कागदावर लिहून द्या आणि पोर्टलवर बदली करायला सांगा. उपचार राज्याबाहेरही चालू राहतात.

रावेर, यावल, चोपड्याच्या केळीच्या मळ्यांत मध्य प्रदेशातली पावरा कुटुंबं राहतात. त्यांना महात्मा फुले या राज्याच्या रहिवाशांसाठीच्या उपचार योजनेच्या रांगेत उभं करून दिवस वाया घालवू नका. त्यांच्याकडे आयुष्मान कार्ड असेल तर ते योजनेतल्या महाराष्ट्रातल्या रुग्णालयातही चालतं. आरोग्यमित्राला (रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाला) तसं स्पष्ट विचारा. त्यांच्या पोरांना रहिवासी दाखल्याअभावी अंगणवाडी नाकारता येत नाही, पोषण ट्रॅकरमध्ये स्थलांतरिताची नोंद होते.

शिबिराची तारीख

आर्थिक वर्ष संपत आलं म्हणून जानेवारीत शिबिर लावलं तर पाड्यावर म्हातारी माणसं आणि कुत्री भेटतात. दिवाळीनंतर गेलेली माणसं होळीला येतात. भोंगऱ्या बाजाराच्या (होळीआधीच्या आदिवासी बाजाराच्या) आठवड्यात सगळं गाव असतं; तपासणी, आधार, बँक, दिव्यांग प्रमाणपत्राचे अर्ज तेव्हा एकत्र घ्या. प्रत्यक्ष होळीच्या रात्री मात्र कोणाला रक्त द्यायला बोलावू नका. त्या शिबिराच्या गाडीभाड्यासाठी देणगीदार शोधण्याआधी पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) गावांचा ५ टक्के अबंध निधी, म्हणजे गावाने ठरवून खर्चायचा पैसा, बघा, आरोग्यावर खर्च करायला त्यात वाव आहे. तो ठराव ग्रामसभेचा लागतो, म्हणून ग्रामसभेच्या आधी दोन-चार पाड्यांवर जाऊन बोलून या.